वाडामालकाच्या खोलीचं दार: व्हर्च्युअल मशीनचा होस्ट नेटवर्कवर कसा राखायचा

३ फेब्रुवारी २०२३, शुक्रवार. आधी फ्रान्समध्ये आणि मग जगभर अनेक संस्थांच्या संगणक विभागात लोकांनी आपल्या सर्व्हरचं नेहमीचं पान उघडलं, तर लॉगिनच्या जागी खंडणीची चिठ्ठी होती. तीन दिवसांत सुमारे दोन बिटकॉइन द्या, नाहीतर तुमची माहिती फोडू. अमेरिकेच्या सिसा (सायबर सुरक्षा पाहणारी) आणि एफबीआय या यंत्रणांनी पुढच्याच आठवड्यात ३,८०० हून अधिक सर्व्हर बाधित झाल्याचं सांगितलं. या हल्ल्याला नाव पडलं ईएसएक्सआयआर्ग्स.

जगातल्या एकूण सर्व्हरांच्या मानाने ३,८०० हा आकडा किरकोळ वाटेल. पण हे साधे सर्व्हर नव्हते. प्रत्येकाच्या पोटात आणखी कितीतरी सर्व्हर होते. कुठे हिशेबाचा, कुठे ईमेलचा, कुठे रुग्णांच्या नोंदींचा. एक पडला की सगळे एकदम पडले.

ज्या त्रुटीकडे फ्रान्सच्या सायबर यंत्रणेने सर्वात आधी बोट दाखवलं, तिच्यावरची दुरुस्ती या सर्व्हरचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअर कंपनीने २३ फेब्रुवारी २०२१ रोजीच दिली होती. म्हणजे दोन वर्षांना जेमतेम तीन आठवडे कमी. दुरुस्ती का लावली नाही, यावर बरंच लिहून झालं आहे. मला त्याहून जास्त अस्वस्थ करणारा प्रश्न वेगळा आहे: हे दार इंटरनेटच्या रस्त्यावर होतंच कशाला?

एक वाडा, अनेक बिऱ्हाडं

पूर्वी प्रत्येक कामाला वेगळा सर्व्हर घेत. दिवसभर तो जेमतेम दहा टक्के राबायचा आणि वीज मात्र बरीच खायचा. मग एकाच दणकट यंत्रावर अनेक 'भासमान' यंत्रं चालवण्याची सोय रुळली. त्या खऱ्या यंत्राला होस्ट म्हणतात. आतल्या भासमान यंत्रांना व्हर्च्युअल मशीन, थोडक्यात व्हीएम. आणि होस्टवर बसून प्रोसेसर, मेमरी, डिस्क या सगळ्यांची वाटणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरवायझर. व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय, मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही, लिनक्समधलं केव्हीएम आणि त्याच्यावर उभं असलेलं प्रॉक्समॉक्स ही आपल्याकडे सर्रास दिसणारी नावं.

जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. वाडा एक, बिऱ्हाडं दहा. प्रत्येक बिऱ्हाडाला आपलं दार, आपली चूल, आपलं कुलूप. शेजारच्या खोलीत काय शिजतंय ते दिसत नाही. व्हीएमचंही तसंच: आतल्या विंडोजला किंवा लिनक्सला वाटतं, सगळं यंत्र आपलंच आहे.

पण वाड्यात एक खोली वेगळी असते. मालकाची. तिथे प्रत्येक बिऱ्हाडाच्या किल्लीची जोडकिल्ली टांगलेली असते. होस्टचं व्यवस्थापनाचं पान म्हणजे ही खोली. इथे शिरलेला माणूस कोणत्याही व्हीएमचा पासवर्ड न विचारता ती बंद करू शकतो, तिची डिस्क उचलून नेऊ शकतो, नाहीतर डिस्कच्या फायलींना कुलूप घालून पैसे मागू शकतो. ईएसएक्सआयआर्ग्सने हेच केलं. आतल्या विंडोजमधलं अँटिव्हायरस जागं होतं, तरी त्याला काही कळायचं कारण नव्हतं. खोलीतला पहारेकरी खोलीत होता आणि अख्खा वाडाच कुणीतरी बाहेरून सील केला होता.

होस्टवरच अँटिव्हायरस टाकता येईल का? ईएसएक्सआयवर आपल्या ओळखीचं अँटिव्हायरस चालत नाही. तो मुद्दाम अगदी लहान ठेवलेला आहे. म्हणून इथे राखण करायची ती मुख्यतः नेटवर्कच्या बाजूने: मालकाच्या खोलीपर्यंत पोचायची वाट कुणाला असावी आणि कुणाला नसावी, हे ठरवून.

दारात बसून पत्ता सांगणारा माणूस

त्या हल्ल्यात संशय ४२७ क्रमांकाच्या पोर्टवर होता. पोर्ट म्हणजे यंत्रावरच्या एकेका सेवेची खिडकी. पोस्टात मनीऑर्डरची वेगळी आणि रजिस्टरची वेगळी असायची तशी. या खिडकीवर ओपनएसएलपी नावाची सेवा बसलेली असे. काम एवढंच, की विचारणाऱ्याला 'इथे काय काय सोयी आहेत' ते सांगायचं. हिच्याशी ठरावीक प्रकारे वेडंवाकडं बोललं की तिच्यामार्फत आत शिरता यायचं.

वाड्याच्या दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला 'आत कोण कुठे राहतं' ते सांगणाऱ्या माणसाची बहुतेक वाड्यांना गरजच नव्हती. कंपनीनेही २०२१ पासूनच्या नव्या आवृत्त्यांत ही सेवा मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली होती. तरी जुन्या यंत्रांवर ती चालू राहिली, आणि ती यंत्रं थेट सार्वजनिक आयपी पत्त्यावर, म्हणजे इंटरनेटवरून कुणालाही गाठता येईल अशी होती.

तेव्हा पहिला नियम: होस्टवर जी सेवा वापरत नाही ती बंद. दूरवरून आज्ञा देण्याची एसएसएच सेवाही काम असेल तेव्हाच चालू करायची आणि काम संपलं की बंद करायची. सेवा चालू ठेवणं भागच असेल, तर होस्टच्या स्वतःच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे येणारी-जाणारी रहदारी नियमांप्रमाणे अडवणाऱ्या पहाऱ्यात, लिहायचं की अमुक एकाच पत्त्यावरून आलेल्याला उत्तर दे. ईएसएक्सआयमध्ये ही सोय सेवागणिक आहे. प्रॉक्समॉक्समध्येही फायरवॉल आहे, पण नव्या यंत्रावर ती बंद असते. ती चालू करावी लागते हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

चौक सगळ्यांचा, हीच अडचण

आता खरी मेख. होस्ट बसवताना काही न बदलता 'पुढे, पुढे' म्हणत गेलात तर नेटवर्क कसं तयार होतं?

होस्टच्या आत एक भासमान स्विच असतो. खरा स्विच जशा तारा जोडतो तसा हा व्हीएमना एकमेकांशी आणि बाहेरच्या तारेशी जोडतो. वाड्याच्या मधला चौकच म्हणा. ईएसएक्सआय बसवलं की एक भासमान स्विच आपोआप तयार होतो आणि त्यावर होस्टच्या व्यवस्थापनाची जोडणीही असते आणि व्हीएमसाठीची जोडणीही. प्रॉक्समॉक्समध्ये बसवतानाच एक पूल (ब्रिज), म्हणजे तसाच एक भासमान स्विच, तयार होतो. होस्टचा स्वतःचा पत्ता त्याच पुलावर आणि नव्या व्हीएमही त्यालाच लागतात. हायपर-व्हीमध्ये बाहेरशी जोडणारा स्विच करताना 'व्यवस्थापन करणाऱ्या सिस्टीमनेही हेच कार्ड वापरावं' अशा अर्थाची चौकट आधीच टिक केलेली असते.

तिन्हीकडे परिणाम एकच. मालकाच्या खोलीचं दार बिऱ्हाडकरूंच्याच चौकात उघडतं.

यात निर्मात्यांचा वाईट हेतू नाही. एकच तार असलेल्या यंत्रावरही सगळं चालावं म्हणून ती सोय आहे. पण ती सुरुवातीची सोय आहे, आणि बहुतेक ठिकाणी तीच कायमची व्यवस्था होऊन बसते. मी पाहिलेल्या लहान संस्थांपैकी कितीतरी ठिकाणी जमा-खर्च बघणाऱ्या टेबलावरच्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये होस्टचा पत्ता टाकला की लॉगिनचं पान समोर हजर व्हायचं. कुणी मुद्दाम तसं केलेलं नव्हतं. कुणी बदललेलं नव्हतं, एवढंच.

'पण आमच्याकडे फायरवॉल आहे'

असेल, आणि चांगलाही असेल. पण तो बहुतेकदा इंटरनेट आणि कार्यालय यांच्यामध्ये उभा असतो, म्हणजे वेशीवर. कार्यालयातल्या एका टेबलाकडून होस्टकडे जाणारी वाट त्याच्यासमोरून जातच नाही.

आणि हल्लेखोर आता वेस फोडत बसत नाहीत. कुणाच्यातरी ईमेलमधून एका संगणकात शिरतात आणि तिथून आतल्या आत, एका यंत्रावरून दुसऱ्यावर सरकत जातात. म्हणून घराच्या आतल्या दारांना महत्त्व.

दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी झालेला सायबर हल्ला आठवत असेल. केसपेपरपासून तपासणीच्या अहवालांपर्यंत अनेक दिवस सगळं हाताने लिहून चालवावं लागलं. सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरात सांगितलं की पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहितीला कुलूप पडलं, आणि कारण होतं नेटवर्कचे नीट विभाग न पाडणं. हा हल्ला हायपरवायझरवर झाला असं मी म्हणत नाही, तसं त्या उत्तरात नाही. पण देशातल्या सर्वात मोठ्या रुग्णालयांपैकी एकाच्या बाबतीत अधिकृत कारण म्हणून 'विभाग नीट पाडले नव्हते' हे लिहिलं जातं, तेव्हा तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेने आणि शहरातल्या नर्सिंग होमने आपल्या तारा एकदा तपासायला हव्यात.

दार कुठे हलवायचं

व्यवस्थापनासाठी वेगळं नेटवर्क करायचं. इथे हमखास पहिला आक्षेप येतो तो खर्चाचा.

मोठा खर्च लागत नाही. आज विकत घेतलेल्या बहुतेक सर्व्हरवर दोन किंवा चार नेटवर्क पोर्ट (इथे अर्थ तार खोचायची जागा) असतात आणि त्यातलं एकच वापरात असतं. दुसऱ्यातून व्यवस्थापनाची तार स्वतंत्र काढता येते. तेवढंही जमत नसेल तर व्हीलॅन आहे. व्हीलॅन म्हणजे एकाच तारेतून जाणाऱ्या रहदारीवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावून तिचे वेगवेगळे प्रवाह करणं. एसटीच्या एकाच रस्त्यावरून वेगवेगळ्या गावांच्या गाड्या जातात, पाटी बघून आपण चढतो, तसं. चिठ्ठीवर ४,०९४ पर्यंतचे क्रमांक वापरता येतात, म्हणजे टंचाई नाही. लागतो तो फक्त व्हीलॅन समजणारा स्विच. साध्या, सेटिंग नसलेल्या स्वस्त स्विचवर हे होत नाही.

व्हीलॅन पुरेसा आहे का? नुसता पाडून ठेवला तर नाही. दोन व्हीलॅनमध्ये राउटर किंवा फायरवॉल ये-जा करू देत असेल, आणि बऱ्याच ठिकाणी तो सगळं मुकाट्याने जाऊ देतो, तर गाड्यांच्या पाट्या वेगळ्या पण थांबा एकच असं होतं. मध्ये नियम हवा: व्यवस्थापनाच्या व्हीलॅनमध्ये कुणालाही प्रवेश नाही, अपवाद ठरवलेल्या एका यंत्राचा. आणि व्हीएमवेअरमध्ये एक क्रमांक जपून वापरा. ४०९५ दिला तर सगळ्या चिठ्ठ्यांची रहदारी त्या व्हीएमपर्यंत पोचते. हे काही खास कामांसाठी आहे. चुकून दिलं गेलं तर वर केलेली सगळी वाटणी त्या एका व्हीएमपुरती पुसली जाते.

ते 'ठरवलेलं एक यंत्र' म्हणजे व्यवस्थापनासाठीच राखलेला संगणक. त्यावर ईमेल नाही, ब्राउझिंग नाही, आणि तो ज्या होस्टची राखण करतो त्याच होस्टवरची व्हीएमही नाही, कारण होस्ट बंद पडला की किल्लीही आतच राहील. घरून काम करायचं असेल तर आधी व्हीपीएनने, म्हणजे कूट केलेल्या खाजगी वाटेने, कार्यालयात यायचं, पासवर्डबरोबर दुसरी ओळख पटवायची, मग या संगणकावर आणि तिथून होस्टवर. दोन पायऱ्या जास्त झाल्या, हे खरं. रात्री अकरा वाजता सर्व्हर अडला की त्या नकोशाही वाटतात. पण याच वेळी कुणीतरी 'तात्पुरतं' म्हणून होस्टचं पोर्ट इंटरनेटला उघडतो, आणि ते तात्पुरतं वर्षानुवर्षं तसंच राहतं.

होस्टने स्वतः बाहेर कुठे जायचं, हेही लिहून ठेवा. अपडेट, वेळ जुळवणं, नावावरून पत्ता शोधणं, बॅकअप. याहून जास्त त्याला सहसा काही लागत नाही. त्याने इंटरनेटवर भटकायचं काहीच कारण नाही.

परसदार विसरू नका

समोरचं दार हलवलं आणि मागे परसदार उघडंच राहिलं, असं फार वेळा घडतं.

सर्व्हरच्या बोर्डवर एक छोटा स्वतंत्र संगणक असतो. सर्व्हर बंद असला तरी तो जागा असतो. डेलकडे त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीकडे आयएलओ. याच्यातून दूर बसून सर्व्हर चालू-बंद करता येतो, पडदा बघता येतो, नवी सिस्टीमसुद्धा टाकता येते. म्हणजे ही मालकाच्या खोलीचीही वरची किल्ली. जुन्या आयड्रॅकचा कारखान्यातून आलेला पासवर्ड जगजाहीर आहे आणि तो कधीच न बदललेले सर्व्हर आजही भेटतात.

यातल्या आयपीएमआय २.० या प्रोटोकॉलची, म्हणजे या छोट्या संगणकाशी दुरून बोलायच्या ठरलेल्या भाषेची, एक अडचण तर अशी की पासवर्ड टाकायच्या आधीच, विचारणाऱ्याला खात्याच्या पासवर्डचा हॅश, म्हणजे त्या पासवर्डपासून बनवलेला ठसा, मिळतो. मग तो घरी बसून निवांत फोडता येतो. ही खोट प्रोटोकॉलमध्येच आहे, दुरुस्तीने जात नाही. मुख्य उपाय दोन: आयपीएमआय लागत नसेल तर बंद करणं, आणि हे पोर्ट व्यवस्थापनाच्या नेटवर्कबाहेर दिसू न देणं. आणखी एक गोष्ट: काही सर्व्हरवर या छोट्या संगणकाच्या स्वतंत्र पोर्टला तार लावली नाही, तर तो गुपचूप नेहमीच्या पोर्टवर येऊन बसतो. 'आम्ही तर ते जोडलंच नाही' हे उत्तर तिथे खोटं पडतं.

बिऱ्हाड हलवताना

दोन-तीन होस्ट असले की चालू व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर बंद न करता हलवता येते. व्हीएमवेअरमध्ये याला व्हीमोशन म्हणतात. बिऱ्हाड बदलताना हातगाडीवर सामान लादून भर रस्त्याने नेतात तसं त्या वेळी व्हीएमच्या मेमरीतलं सगळं तारेवरून जातं. त्या मेमरीत पासवर्ड असतात, किल्ल्या असतात, उघडी कागदपत्रं असतात. २०१६ च्या ६.५ आवृत्तीपासून हे कूट करून नेण्याची सोय आहे; नेहमीच्या सेटिंगमध्ये दोन्ही होस्टना जमत असेल तरच ती वापरली जाते, एकाला जमत नसेल तर सामान उघडंच निघतं. सक्तीची करून टाका, आणि या रहदारीला तिचा स्वतःचा व्हीलॅन द्या.

नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कनाही हेच लागू. तिथली रहदारी म्हणजे व्हीएमच्या डिस्कचा मजकूर. बिऱ्हाडकरूंना ती दिसायचं काही काम नाही.

चौकात वागायचे नियम

व्हीएमवेअरच्या भासमान स्विचवर तीन सेटिंग असतात, नावं अवघड आणि अर्थ सोपा.

पहिलं, प्रॉमिस्क्युअस मोड. हे चालू असलं की एका व्हीएमला चौकातलं सगळ्यांचं बोलणं ऐकू येतं. दुसरं, मॅक पत्ता बदलणं. मॅक पत्ता म्हणजे नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक. हे चालू असलं तर बिऱ्हाडकरू आपल्या दारावर दुसऱ्याच्या नावाची पाटी लावून त्याची पत्रं घेऊ शकतो. तिसरं, फोर्ज्ड ट्रान्समिट, म्हणजे पाकिटावर प्रेषक म्हणून भलत्याचंच नाव घालणं. तिन्ही नाकारलेली हवीत. पहिलं ईएसएक्सआयमध्ये मुळातच नाकारलेलं असतं, पण उरलेली दोन जुन्या आवृत्त्यांच्या साध्या स्विचवर मोकळी असत, आणि होस्ट नव्या आवृत्तीवर नेला तरी जुनं सेटिंग तसंच पुढे येऊ शकतं. म्हणून डोळ्यांनी बघा. हायपर-व्हीमध्ये मॅक पत्ता बदलण्याची मुभा मुळातच बंद असते. एखाद्या व्हीएमला ही सूट लागते, उदाहरणार्थ व्हीएमच्या आत पुन्हा हायपरवायझर चालवायचा असेल तर. तेव्हा सूट तिच्यापुरती द्या, सगळ्या चौकाला नको.

'आतूनच कुणी भिंत फोडली तर?'

हा आक्षेप रास्त आहे. व्हीएममधून होस्टमध्ये शिरता येतं का? येतं, पण क्वचित. २०१५ मध्ये व्हेनम नावाची त्रुटी उघड झाली. कुणी वापरत नसलेल्या भासमान फ्लॉपी ड्राइव्हच्या कोडमध्ये ती २००४ पासून पडून होती. ४ मार्च २०२५ रोजी ब्रॉडकॉमने, जे आता व्हीएमवेअरचे मालक आहेत, तीन त्रुटींवर दुरुस्ती दिली आणि हल्लेखोर त्या आधीच वापरत असल्याचं सांगितलं. भिंतीतून आरपार जाण्याचीच ती वाट होती.

इथे नेटवर्कचे विभाग भिंत सांधत नाहीत. ते काम दुरुस्तीचं, आणि ती लगेच लावायची. पण होस्टमध्ये शिरलेल्याला शेजारच्या होस्टवर, बॅकअपवर उडी मारता येते की नाही, हे मात्र विभागांवर ठरतं.

बॅकअपचा सर्व्हर म्हणून वेगळ्या नेटवर्कमध्ये आणि वेगळ्या पासवर्डवर हवा. कार्यालयातल्या सगळ्यांची खाती ठेवणाऱ्या डोमेनशी होस्ट जोडला असेल तर एक तपासणी आजच करा. जुलै २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने दाखवून दिलं की डोमेनशी जोडलेला ईएसएक्सआय 'ईएसएक्स अ‍ॅडमिन्स' या नावाच्या गटातल्या कुणालाही पूर्ण मालकी देत होता. तो गट मुळात कुणी केलेला नसला तरी. हल्लेखोर त्या नावाचा गट तयार करायचे, स्वतःला त्यात घालायचे, आणि जुडगा त्यांच्या हातात.

आपला वाडा तपासायचा कसा

जमा-खर्चाच्या टेबलावर जा. ब्राउझरमध्ये होस्टचा पत्ता टाका. प्रॉक्समॉक्स असेल तर पुढे ८००६ हे पोर्ट द्या. पान दिसायला नको. मग आयड्रॅक किंवा आयएलओचा पत्ता टाका. पाहुण्यांच्या वायफायवरून हेच करा. सर्वात शेवटी एखाद्या व्हीएमच्या आत जाऊन तिथून करा. बहुतेक ठिकाणी पान उघडतं ते इथेच.

उघडलं तर घाईने लगेच सेटिंग बदलू नका, स्वतःच बाहेर अडकाल. शनिवारी संध्याकाळी, काम थांबल्यावर, सर्व्हरला खरा मॉनिटर आणि कीबोर्ड लावून समोर बसा. आत्ताची सेटिंग कागदावर उतरवून घ्या. आधी व्यवस्थापनाची नवी जोडणी वेगळ्या पोर्टवर किंवा व्हीलॅनवर उभी करा, राखीव संगणकावरून तिच्यातून आत जाता येतं याची खात्री करा, आणि मगच जुनी काढा. होस्टच्या नोंदी दुसऱ्या यंत्रावर पाठवायची सोयही त्याच बैठकीत करून टाका. सर्ट-इन या देशाच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि सायबर घटना सहा तासांच्या आत कळवावी लागते. होस्टलाच कुलूप पडलं आणि नोंदीही त्याच होस्टवर असल्या, तर कळवायचं काय, हेही कळत नाही.

रविवारी सकाळी पुन्हा त्या व्हीएमच्या आत जा आणि होस्टचा पत्ता टाका. ब्राउझर नुसता गोल फिरत राहिला आणि शेवटी पान सापडलं नाही म्हणाला, तर दार हललं.